हळवा टायर, गरवा टायर

लग्न होऊन मी आटगावहून वैशाखऱ्याला आले तेव्हा माझ्याबरोबर एक वेडही आलं होतं, आणि ते सासरी कोणाला सांगायची सोय नव्हती. मला फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यती बघायला आवडतात. माहेरी रविवारी संध्याकाळी मी आणि माझे वडील टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचो आणि आई म्हणायची, ‘एकाच मातीची दोन डोकी.’ पण नव्या सुनेनं सासरच्या घरात जाऊन टीव्हीचा रिमोट मागायचा, तोही गाड्या गोल गोल फिरताना बघायला, हे काही जमणारं नव्हतं. आमच्याकडे रविवारचा टीव्ही सासूबाईंचा. आठवडाभर शेतात, गोठ्यात, गिरणीत असताना हुकलेल्या सगळ्या मालिका त्या दिवशी एका बैठकीत वसूल व्हायच्या.

म्हणून मी फोनवर बघायला लागले. आवाज बंद करून, फोन पिठाच्या डब्याला टेकवून, चुलीसमोर भाकऱ्या थापता थापता. दोन रविवार निभावले. तिसऱ्या रविवारी शेवटच्या फेऱ्या चालू होत्या, दोन गाड्या एकमेकींना अगदी चिकटून पळत होत्या, आणि तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला. धूर माजघरात पोचला आणि धुरामागोमाग सासूबाई आत आल्या.

“काय बघते गो?”

मी फोन उलटा करायला गेले, पण उशीर झाला होता. त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“मुंग्या पळतात काय या?”

“गाड्या आहेत, आई. शर्यत आहे.”

“मग मोठ्यावर लाव ना. एवढ्याशात बघून डोळे फुटतील नायतर भाकऱ्या करपतील.” आणि करपलेली भाकरी चिमट्यानं उचलून त्यांनी शेळीसाठी बाजूला ठेवली.

त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या टीव्हीवर शर्यत लागली. सासूबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सासरे पडवीत खुर्चीवर. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मुरबाडहून माळशेज घाट चढून पलीकडे आणि परत, एवढ्याच रस्त्यावर त्यांची बरीचशी नोकरी झाली आणि एवढ्या वर्षांत घाटात आपण एकदाही ओव्हरटेक केला नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. ते पडवीतूनच डोकावले आणि म्हणाले, “हॉर्न नाय, इंडिकेटर नाय, आरसा केवढासा! यांना लायसन दिलं कुणी?”

सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. एक गाडी रस्ता सोडून बाजूच्या गल्लीत शिरली होती आणि एकसारख्या कपड्यांतली वीसेक माणसं तिच्या अंगावर धावून गेली.

“अगो, धरलं त्याला!”

“नाही आई, टायर बदलतायत.”

“कवा?”

“बदलले. गाडी गेलीसुद्धा.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. तांदूळ निवडायचे राहिले ते राहिले. दुसरी गाडी आत येईपर्यंत त्या पापणी न लववता बसल्या, आणि ती आली तेव्हा त्यांनी श्वास धरला. गाडी उचलली, चारही चाकं निघाली, चारही बसली, गाडी खाली, गाडी गेली. सासूबाईंनी श्वास सोडला.

“पंक्चर होती?”

“नाही. चांगली होती चाकं. नियमच आहे तसा.”

“चांगली चाकं काढायचा नियम?” हे पडवीतून आलं. “डेपोत आमी असं केलं असतं तर घरी बसवलं असतं.”

मग मी दोघांना नियम सांगितला. टायर तीन जातींचे असतात. लाल पट्ट्याचा मऊ. तो रस्त्याला घट्ट धरतो, म्हणून गाडी जोरात पळते, पण तो लवकर झिजतो. पांढऱ्या पट्ट्याचा कडक. त्यावर गाडी जरा हळू, पण तो खूप फेऱ्या टिकतो. पिवळा दोघांच्या मधला. आणि शर्यत कोरडी असेल तर यातल्या कमीत कमी दोन जाती वापरायलाच हव्यात. एकाच जातीवर शर्यत संपवली तर पहिला आलेलाही बाद. म्हणून प्रत्येकाला एकदा तरी आत यावंच लागतं. कधी यायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळी गंमत त्यातच आहे.

सासूबाईंनी तिन्ही जाती बोटांवर मोजल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे लाल तो हळवा, पिवळा निमगरवा आणि पांढरा गरवा.”

मी आटगावची. भातशेती आमच्याकडेही आहे. हळवं भात लवकर तयार होतं, गरव्याला वेळ लागतो, निमगरवं दोन्हींच्या मधलं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण इतकी वर्षं टायरांचे रंग बघून मला हे कधी सुचलं नव्हतं. मी हसत सुटले. तेव्हापासून आमच्या घरात लाल-पिवळा-पांढरा हे शब्द बंद झाले. शर्यत सुरू झाली की सासूबाई विचारायच्या, “आपला कशावर सुटला? हळव्यावर?” आणि मी म्हणायचे, “हळव्यावर. गरवा शेवटी.”

आपला म्हणजे कोण, हे दर रविवारी बदलायचं. त्यांचा नियम साधा होता: जो मागून येतोय तो आपला.

पावसाळ्यात आवणीचे दिवस आले. दिवसभर कमरेत वाकून रोपं लावून आम्ही दोघी घरी यायचो, पाय गरम पाण्यात सोडून टीव्हीसमोर बसायचो. अशाच एका रविवारी तिकडे परदेशातही पाऊस लागला. सगळ्या गाड्या धावत आत आल्या, हिरव्या पट्ट्याचे खाचांचे टायर लावून बाहेर पडल्या. मी सांगितलं की पाऊस असला की दोन जातींचा नियम लागू नसतो. सासूबाईंना हे इतकं पटलं की त्या म्हणाल्या, “बरोबर. पावसात कुटला नियम! पावसात माणूस निभावलं तरी पुष्कळ.”

त्यांना सगळ्यात जास्त काय भावलं असेल, तर ती पुढे जायची युक्ती. मी अंडरकट म्हणायचे. पुढच्या गाडीला रस्त्यावर मागे टाकता येत नसेल, तर तिच्या आधी आत जायचं, ताजे टायर लावायचे आणि मोकळ्या रस्त्यावर एक-दोन फेऱ्या जीव तोडून मारायच्या. पुढचा आपले झिजलेले टायर बदलून बाहेर येईपर्यंत आपण त्याच्या पुढे. मी हे भाकऱ्यांच्या गोळ्यांनी ओट्यावर मांडून दाखवत होते. सासूबाईंनी एका दमात विचारलं, “म्हंजे धाकटी गिरणीत करते तसं?”

धाकटी म्हणजे त्यांची जाऊ, माझी चुलतसासू. मी त्यांना काकी म्हणते. घर मूळचं एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात काकी, काका आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. भांडण असं काही नाही. दोघी जावा एकमेकींच्या तव्यावरची भाजी खातात. पण चढाओढ कायमची. आधी कोणाचं अंगण सारवून झालं, आधी कोणाचे पापड वाळले. भात भरडायला दोघी एकाच दिवशी टोकावड्याच्या गिरणीत जाणार असं ठरायचं आणि सासूबाई न्याहारी करून पोचल्या की काकींचं पोतं आधीच काट्यावर असायचं.

“ती न्याहारी न करता निघते,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटायचं भुकेची घाई. ही तर तुझी ती, कट.”

काकींना आम्ही शर्यत बघायला कितीदा बोलावलं. त्या दारातूनच म्हणायच्या, “गाड्या गोल फिरतात, परत तिथंच येतात. त्यात काय बघायचं?” आणि निघून जायच्या. भिंतीपलीकडे मात्र रविवारी संध्याकाळी विलक्षण शांतता असायची. त्यांचा टीव्हीसुद्धा बंद असायचा. आम्हाला वाटायचं, लवकर झोपतात.

डिसेंबर आला आणि शर्यतींचा मोसम संपला. आता पुढची शर्यत थेट मार्चमध्ये, हे मी सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. भात घरात आलेलं, शेतं रिकामी, आणि रविवारही रिकामा. मालिका लावल्या, पण त्यांचं मन लागेना. नायिका जिन्यावरून सावकाश उतरायला लागली की त्या म्हणायच्या, “हिचे टायर गेलेत.”

संक्रांतीनंतर आमच्या बचत गटाचं हळदीकुंकू असतं. त्यात खेळ होतात. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, सुईत दोरा. गटाच्या अध्यक्षबाई शाळेच्या ओट्यावर बैठकीत म्हणाल्या, “दरवर्षी तेच ते. यंदा काहीतरी नवीन काढा.”

मी काही बोलणार एवढ्यात शेजारी बसलेल्या सासूबाई उभ्या राहिल्या. “टायर,” त्या म्हणाल्या.

“टायर काय?”

“टायर पळवायचा. काठीनं. आणि मधे बदलायचा.”

आधी सगळ्या हसल्या. मग एकेक जण आठवायला लागली. लहानपणी भावांना टायर पळवताना बघितलेलं, आपल्याला मिळायचा तो भाऊ जेवायला बसला की. कोणी गुरांमागे असताना सायकलची रिम पळवलेली. सासूबाई स्वतः माहेरी गुरं राखायच्या तेव्हा टायर घेऊन जायच्या आणि एकदा टायरामागे पळता पळता गाय दुसऱ्याच्या वालात शिरली म्हणून मार खाल्ला होता. एकजण म्हणाली, “मी तर कधीच नाय पळवला. मला दिलाच नाय कुणी.” अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे खेळ पक्का केला.

हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून मी आणि माझा नवरा जुने टायर घेऊन आलो. सायकलचे आणि स्कूटरचे. सायकलचा बारीक, हलका, वाऱ्यासारखा पळणारा, पण ढेकूळ आलं की उडणारा. स्कूटरचा जाड, जड, हळू, पण एकदा चालायला लागला की सरळ चालणारा. दोन जाती आपोआप झाल्या. सासूबाईंनी अंगणात टायर मांडले आणि जाहीर केलं: सायकल हळवा, स्कूटर गरवा.

पंच म्हणून सासऱ्यांना विचारलं. ते आधी नाही म्हणाले. शर्यत या गोष्टीलाच त्यांचा विरोध. मग मी त्यांना सांगितलं की टायर बदलायच्या गल्लीत वेगाची मर्यादा असते, जास्त वेगानं गेलं तर शिक्षा होते. ते खुर्चीत सरळ बसले. “असं आधी सांगायचं ना,” म्हणाले आणि कपाटातली त्यांची खाकी टोपी काढून झटकायला लागले.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपार कलल्यावर सगळं गाव आमच्या खळ्यावर जमलं होतं. भाताची झोडणी आटपलेली, खळं सारवून गुळगुळीत केलेलं, बाजूची भातशेतं कोरडी, खोडक्यांनी भरलेली. रस्ता असा ठरला होता: खळ्यावरून निघायचं, शेताच्या बांधावरून जायचं, टोकाच्या आंब्याला वळसा घालायचा आणि गाडीवाटेनं परत खळ्यावर. तीन फेऱ्या. बांध इतका अरुंद की एका वेळी एकच टायर मावेल. तिथे कोणाला ओलांडणं अशक्य. गाडीवाट मात्र रुंद.

खळ्याच्या एका कडेला सासऱ्यांनी रांगोळीनं पांढरी रेघ आखली. रेघेच्या आत टायर बदलायची जागा. त्यांनी काठी जमिनीवर आपटून नियम सांगितले. टायराला हात लावायचा तो फक्त रेघेच्या आत. तीन फेऱ्यांत एकदा तरी टायर बदलायचा आणि तो दुसऱ्या जातीचा घ्यायचा. “आणि रेघेच्या आत पळायचं नाय. चालायचं. जी पळेल तिला मी उभी करून ठेवीन.”

सहाजणी उतरल्या. साड्यांचे पदर खोचलेले, कासोटे मारलेले. सासूबाईंच्या बाजूनं टायर हातात घेऊन मी उभी. आणि रेघेवर पलीकडे, सायकलचा टायर घेऊन, काकींची मुलगी. काकी शर्यतीत आहेत हे आम्हाला तिथेच कळलं.

“तू कशी काय गो?” सासूबाईंनी विचारलं.

“गोल फिरून परत यायचं ना,” काकी म्हणाल्या. “तेवढं जमेल.” आणि मुलीच्या कानात काहीतरी सांगायला वळल्या. सासरे नियम पुन्हा एकदा सांगत होते तेव्हा दोघी मायलेकींची कुजबुज चालूच होती.

आमचं ठरलेलं होतं. सुरुवात गरव्यावर. पहिल्या फेरीत गर्दी, धक्काबुक्की, तिथे जड टायर बरा. शेवटी मोकळं रान मिळालं की हळवा. सासऱ्यांनी शिट्टी फुंकली आणि सहा बायका, सहा काठ्या, सहा टायर एकदम सुटले. काय तो आरडाओरडा! काकींचा सायकलचा टायर पहिल्याच ढेकळाला उडाला आणि खोडक्यांत आडवा झाला; त्यांनी तो काठीनंच उभा करून पुन्हा पळवला. अंगणवाडीच्या ताईंचा टायर उलट्या दिशेनं प्रेक्षकांत घुसला. सासूबाईंचा स्कूटरचा टायर मात्र धपधप करत, कुणाकडे न बघता, बांधावर चढला. पहिली फेरी संपत आली तेव्हा सासूबाई पहिल्या, काकी थोड्या मागे दुसऱ्या.

तेवढ्यात काकींची मुलगी टायर उचलून रेघेवर पुढे आली आणि ओरडायला लागली, “आय, ये! आत ये! आता!”

अंडरकट! काकी आत्ता बदलणार आणि पुढे निघणार. मी जिवाच्या आकांतानं हात हलवले. “आई, आधी तुम्ही या! आत या!” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, वळल्या, रेघेच्या आत आल्या, आणि टायर हातात धरून चालायला लागल्या. ती चाल मी विसरणार नाही. कमरेच्या वर बाई पळत होती आणि कमरेच्या खाली चालत होती. सासरे टोपी सावरत त्यांच्या पावलांकडे वाकून बघत होते.

मी जड टायर ओढून घेतला, हलका दिला. वर बघते तर काकी रेघेच्या बाहेरून, न थांबता, खदखदा हसत निघून गेल्या. त्यांची मुलगी टायर खाली ठेवून टाळ्या वाजवत होती.

आम्हाला फसवलं होतं. काकी आत येणारच नव्हत्या.

“हे कुटं शिकली ही?” सासूबाई ओरडल्या, आणि धावल्या. पण त्याहून वाईट पुढे होतं. रेघेच्या आत वेळ गेला तेवढ्यात मागच्या तिघी पुढे निघून गेल्या होत्या आणि बांधावर त्यांची रांग लागली होती. सगळ्यात पुढे ती, जिला लहानपणी कुणी टायर दिला नव्हता. ती एक एक पाऊल जपून, टायराशी बोलत बोलत चालली होती. “सरळ चल बाबा, सरळ चल.” तिच्यामागे दोघी. त्यांच्यामागे, हातात सगळ्यात वेगवान टायर असलेल्या, सासूबाई. हलायला जागा नाही. लोक हसून हसून खाली बसले. सासूबाई बांधावरून ओरडत होत्या, “अगो चला! घाटात ट्रक आडवा झालाय काय?”

आंब्यानंतर गाडीवाट लागली आणि त्या सुटल्या. तिघींना एका दमात मागे टाकलं. दुसरी फेरी संपवून काकी आता खरोखरच आत आल्या होत्या, टायर बदलून बाहेर पडत होत्या, आणि सासूबाई त्यांच्या मागोमाग बांधावर चढल्या. शेवटची फेरी. बांधभर त्या काकींच्या पाठीला लागून पळाल्या. मी खळं सोडून शेतातून त्यांच्या बाजूनं पळत होते, गावातल्या बायका माझ्यामागे.

आंबा आला. तिथे सासूबाईंनी काठीनं टायर बाहेरच्या बाजूला वळवला. काकींनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि रस्ता अडवायला बाहेर सरकल्या. त्या सरकल्या त्याच क्षणी सासूबाईंनी टायर आत ओढला, आंब्याच्या मुळीला घासून, आणि वळण संपलं तेव्हा दोघी खांद्याला खांदा. हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. हुलकावणी एकीकडे द्यायची आणि जायचं दुसरीकडे. एका रविवारी त्यांनी हीच चाल मला तीनदा मागे घेऊन दाखवायला लावली होती.

गाडीवाटेवर दोघी जावा, दोघी पन्नाशी ओलांडलेल्या, केस सुटलेले, काठ्या टायरांवर ताडताड वाजतायत, आणि दोघी हसतायत. हसण्यामुळेच सासूबाईंचा दम गेला असं त्या अजून म्हणतात. खळ्याची कड काकींनी हातभर आधी ओलांडली.

गावानं काकींना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होत्या. तेवढ्यात सासऱ्यांनी शिट्टी फुंकली.

“पहिली आलेली बाद,” ते म्हणाले.

ते काकींच्या मुलीकडे वळले.

“दोन्ही टायर दाखव.” काकींच्या मुलीनं दोन्ही टायर पुढे आणले. दोन्ही सायकलचे. काकींनी हळवा काढून दुसरा हळवा लावला होता.

“भावोजी, टायर बदला म्हणालात, मी बदलला,” काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “जात बदला असं कोण म्हणालं?”

“मी म्हणालो. दोनदा. तेव्हा तुमी पोरीच्या कानात शिरला होतात.”

“मग बदलताना का नाय बोललात? बघत तर होतात.”

सासऱ्यांनी टोपी नीट केली. “गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये,” ते म्हणाले. यावर खळ्यावर जो हशा उसळला तो पलीकडच्या आळीत ऐकू गेला असेल.

मग रीतसर वाद झाला. अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. काकींनी बाजू मांडली ती अशी की युक्ती त्यांना ठाऊक होती, फसवणूक ठाऊक होती, आधी आत जाणं ठाऊक होतं, पण दोन जातींचं कधी कानावर आलं नाही.

“कुणाच्या कानावर?” सासूबाईंनी विचारलं.

काकी खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचायला लागल्या. मग त्यांची मुलगी म्हणाली, “आय रविवारी भिंतीला पाठ लावून बसते. कोण आधी आत गेलं, कुणी कुणाला फसवलं, सगळं ऐकते. मोठी आय ओरडून सांगते ना. पण हळवं-गरवं आलं की तिला वाटायचं, भाताचं चाललंय.”

म्हणजे वर्षभर भिंतीपलीकडची ती शांतता शर्यत ऐकत होती. सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काकींकडे, आणि मग त्या खळ्यावर फतकल मारून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काकीही हसायला लागल्या.

“अगो, मग दारातून यायचं ना!”

“दारातून म्हटलं होतं, त्यात काय बघायचं. मग कशी येऊ?”

बक्षीस स्टीलचा मोठा डबा होता. मला वाटलं, सासूबाई आता म्हणतील की राहू दे, तिलाच द्या. तसं काही झालं नाही. त्यांनी डबा घेतला, आनंदानं घेतला, झाकण वाजवून बघितलं आणि डोक्यावर ठेवून सगळ्यांना दाखवला. “नियम तो नियम,” त्या म्हणाल्या. काकी म्हणाल्या, “पहिली मीच आलेय, गावानं बघितलंय.” दोघींचंही खरं होतं आणि दोघीही खूश होत्या. मग वाण लुटलं, तिळगूळ झाला, चहा झाला. जिला लहानपणी टायर मिळाला नव्हता, ती चहा टाकून एकटीच खळ्याला फेऱ्या मारत होती. तिनं तो टायर घरी न्यायला मागितला.

ऊन उतरलं तसे आम्ही घरी निघालो. डबा माझ्याकडे, टोपी घातलेले सासरे पुढे. गावातल्या रस्त्याला लागलो आणि मागून ओळखीचा ताडताड आवाज आला. दोघी जावांनी पुन्हा टायर सोडले होते. रेघ नाही, पंच नाही, बदल नाही. रस्त्याच्या मधोमध, दोघी बरोबरीनं. त्यांच्यामागून मुरबाडहून आलेली एसटी येत होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. सासरे रस्त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

“ओव्हरटेक नाय,” ते ओरडले. “मागनं ये.”

ड्रायव्हर त्यांना ओळखत असावा. तो हसला आणि गाडी पहिल्या गिअरवर घेतली. खिडक्यांतून माणसं बाहेर वाकून बघत होती, कुणी शिट्ट्या वाजवत होतं, कंडक्टर दारात लोंबकळत विचारत होता, “काय आहे काय?” पुढे दोन बायका, मागे एसटी, अशी ती वरात आमच्या अंगणापर्यंत आली. यावेळी काकी दोन हातांनी पुढे होत्या, आणि त्यांनी ते सगळ्या एसटीला ओरडून सांगितलं.